खोकं पाठवतोय, आडवं-तिडवं करू नका

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

कुरियरने एक खोकं येईल. बाबांची वस्तू खाली आहे, आईची वर, कापसात.

बाबा, टाकी भरली का बघायला तुम्ही अजून शिडी चढता, हे मला आईकडून कळलंय. म्हणून हा खटाटोप. टाकीच्या झाकणाला आतून लावायचा सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. पाणी मीटरभर खाली असेल तर हे सगळं सहा मिलिसेकंदांच्या आत उरकतं. हवा तापली की आवाज जास्त वेगाने जातो, दर अंशामागे सेकंदाला साधारण 0.6 मीटर. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत 30 अंशांचा फरक धरला, तर मीटरमागे पाच सेंटीमीटरची गफलत होते. म्हणून शेजारी तापमानाचा सेन्सरही दिलाय. हिशेब करणारं ईएसपी32 बोर्ड बिस्किटाएवढं आहे. ते वायफायवरून स्वयंपाकघरातल्या पडद्यावर आकडा पाठवतं. पडदा ई-पेपरचा, म्हणजे कागदावर छापल्यासारखा दिसणारा घेतला, तोही मुद्दाम. त्यावर उमटलेलं वीज गेली तरी पुसलं जात नाही. पण आकड्याखालची वेळ बघत जा. ती जुनी असेल तर आकडाही जुना.

आई, तुझे मावळे. उंची 28 मिलिमीटर, त्यामुळे कुंभाराकडच्या मावळ्यांशेजारी ठेवू नकोस, ह्यांची पोरं वाटतील. किल्ल्याच्या सगळ्यात वरच्या बुरुजावर ठेव, किल्ला आपोआप मोठा दिसेल. आधी काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मग फक्त वरून पांढरा फवारा; त्यामुळे ऊन कुठे पडणार आणि सावली कुठे राहणार ते रंगवायच्या आधीच कळतं. अंगरख्याच्या चुण्यांत पातळ तपकिरी रंग सोडला की तो आपणहून खोलगट भागात जाऊन बसतो. मग जवळजवळ कोरडा ब्रश वरच्या कडांवरून फिरवायचा. डोळे सर्वांत छळतात. एकाची नजर जरा तिरकी झालीय, त्याला पहारेकरी कर. महाराज मात्र रंगवायला घेतले नाहीत. तेवढा हात अजून बसलेला नाही.

बाबा, "एवढं येतं तर विकत का नाहीस?" या तुमच्या प्रश्नाला मी फोनवर हसून वेळ मारून नेली. खरं सांगू? ऑफिसात मी एका भल्यामोठ्या सॉफ्टवेअरचा एक कोपरा लिहितो, तो चार जण बदलतात, आणि तो पुढे कोण वापरतं ते मला कधी दिसत नाही. इथे पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून रेझिस्टरसारखे बारीक सुटे भाग निवडून आणण्यापासून प्रोग्रामच्या शेवटच्या ओळीपर्यंत सगळं माझं, आणि वापरणारे तुम्ही. विकायला काढलं की पावत्या, हमी, रात्रीअपरात्री गिऱ्हाइकांचे फोन. म्हणजे दुसरी नोकरीच की! तेव्हा कृपा करून शेजारच्या काकांना "आमचा पोरगा करून देईल" असं सांगून बसू नका. (सांगून झालं असेल तर त्यांच्या टाकीची उंची कळवा.)

सेन्सर बसवायला वायरमनला बोलवा. त्याला फोनवर मी समजावतो. शिडी तुम्ही धरायचीसुद्धा नाही.

तुमचा,
धाकटा