गोळी आजच सुरू कर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बाळाच्या टाचेच्या रक्तात टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक) ४० च्या वर आलंय, म्हणजे जन्मतःच थायरॉईड कमी असण्याची दाट शक्यता आहे, पण बाळ छान दूध पितंय म्हणून आठवडाभर थांबून बघा, असं घरचे म्हणतायत ना? अजिबात थांबू नकोस. पोटात असताना आईचं थोडं थायरॉक्सिन (थायरॉईड ग्रंथीचं संप्रेरक, म्हणजेच टी४) वारेतून बाळाला मिळतं, म्हणून थायरॉईड ग्रंथीच नसलेलं बाळही जन्मतः धडधाकट दिसतं. पुढे हा साठा आटतो. घोगरं रडणं, जाड जीभ, रेंगाळलेली कावीळ, बद्धकोष्ठ ही लक्षणं दिसेपर्यंत वाट पाहिली, तर गेलेला वेळ मेंदूला परत मिळत नाही. औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेलं बरं.

जन्मानंतर पहिल्या दिवशी टीएसएच सगळ्याच बाळांचं उसळतं. तुमचा नमुना ४८ तासांनंतरचा आहे, त्यामुळे ती शंका उरत नाही. तरी शिरेतलं रक्त देऊन टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) करून घ्या, पण आकडा ४० च्या वर असताना त्या रिपोर्टसाठी गोळी अडवायची नसते. ग्रंथीच्या स्कॅनसाठीही नाही. मेंदू त्याला लागणारं टी३ (थायरॉईडचं प्रत्यक्ष काम करणारं संप्रेरक) बहुतांशी रक्तातल्या टी४ पासून स्वतःच बनवतो आणि त्यावर चेतापेशींच्या जोडण्या, तंतूंवरचं मायलिनचं आवरण अवलंबून असतं. म्हणून ‘टी३ तर नॉर्मल आहे’ असं कुणी म्हणालं तरी निर्धास्त होऊ नकोस.

गोळीतलं औषध लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तेच थायरॉक्सिन बाहेरून. त्याचा सुरुवातीचा डोस वजनाच्या दर किलोला रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम. तीन किलोच्या बाळाला ३० ते ४५, डॉक्टरांनी ३७.५ लिहिला असेल, तर २५ ची दीड गोळी. लेबलवरचा आकडा दर वेळी वाच, कारण २५ आणि १०० च्या गोळ्यांची अदलाबदल होते. गोळी दोन चमच्यांमध्ये चुरून दोन-तीन मिली पाण्यात किंवा काढलेल्या दुधात कालव आणि लगेच गालाच्या आतल्या बाजूला सोड. चमच्याला चिकटलेलं औषध थेंबभर दुधाने विसळून तेही दे. भरलेल्या बाटलीत मात्र कधीच मिसळू नकोस. बाळाने अर्धी टाकली तर डोस किती गेला ते कळत नाही. चार दिवसांचं एकदम कालवून ठेवणंही नको, कारण ते द्रावणात टिकत नाही. लोह, कॅल्शियम आणि सोयाचं दूध औषध शोषू देत नाहीत, त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेव. दुधाआधी की नंतर याचा फार काथ्याकूट नको. रोज एकाच वेळी, एकाच पद्धतीने दे.

पहिली तपासणी एक-दोन आठवड्यांत, मग टीएसएच जागेवर येईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढे वर्षभर एक ते तीन महिन्यांनी. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच. फ्री टी४ नॉर्मलच्या वरच्या अर्ध्यात हवं. डोस जास्त झाला की बाळ चिडचिडतं, झोपत नाही, जुलाब होतात, नाडी धावते. तसं वाटलं तर मनाने गोळी कमी न करता डॉक्टरांना फोन कर.

तुझ्या खाण्यापिण्यात काय चुकलं, हे शोधत बसू नकोस. बहुतेक वेळा ग्रंथी तयारच झालेली नसते किंवा जिभेच्या मुळाशी अडकलेली असते. मात्र बाळाच्या त्वचेला आयोडीनचं जंतुनाशक लावलं होतं का, किंवा तुला थायरॉईडची औषधं चालू होती का, हे डॉक्टरांना जरूर सांग; अशा वेळी दोष तात्पुरता असू शकतो. ग्रंथी जागेवर असेल, तर गोळी थांबवून बघण्याचा प्रयोग तीन वर्षांनंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याआधी कुणीही सुचवलं तरी नाही.

आणि श्रवणचाचणी झाली नसेल, तर याच भेटीत करून घे. अशा बाळांमध्ये ऐकण्याचा दोष इतरांपेक्षा जास्त आढळतो.

तुझी,
आई