परीक्षणात खोलीचं तापमान का नसतं?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत लॅपटॉपची आणि ग्राफिक्स कार्डांची परीक्षणं येतात. बारावीचा निकाल लागला की आमच्या इंदूरच्या रामबागेत पालक ती कात्रणं जपून ठेवतात आणि तीच हातात घेऊन आर.एन.टी. मार्गावरचा संगणकांच्या दुकानांचा सिल्व्हर मॉल गाठतात. साठ-सत्तर हजारांचा सौदा त्या कात्रणाच्या भरवशावर होतो, म्हणून हे पत्र.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घेत असे. जर्नलमध्ये खोलीचं तापमान नसेल किंवा एकाच रीडिंगवरून निष्कर्ष काढला असेल, तर सही न करता परत द्यायची. आज यूट्यूबवरची आणि छापील, दोन्हीकडची बहुतेक परीक्षणं मला अशीच परत द्यावीशी वाटतात. ‘गेमिंगला जबरदस्त’, ‘बॅटरी दिवसभर टिकते’. कोणता गेम, कोणत्या सेटिंगवर, स्क्रीनचा ब्राइटनेस किती, किती वेळा मोजलं? काही पत्ता नाही.

प्रोसेसर एका मर्यादेपर्यंत तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. एसीच्या गारव्यात पाच मिनिटांची चाचणी घेतली तर ती वेळ कदाचित येणारही नाही. आपल्या इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि मुलं अभ्यासाला बसतात गच्चीखालच्या खोलीत. शेजारच्या मुलाचा लॅपटॉप मी समोर बसून पाहिला. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला तेव्हा क्लॉक स्पीड, म्हणजे प्रोसेसरचा वेग, चार गिगाहर्ट्झच्या वर होता. थोड्याच वेळात पंखा घोंगावू लागला, आकडा अडीचच्या खाली आला आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववेना. परीक्षणात याच मॉडेलला ‘थंड राहतो’ असं प्रशस्तिपत्र होतं. लिहिणारा खोटं बोलला असं मी म्हणत नाही, पण कुठल्या खोलीत थंड राहतो हे त्याने सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट नमुन्याची. परीक्षणाला येतो तोच माल पुढे दुकानात मिळेल, याची खात्री कोण देणार? क्रूशियलची पी२ ही एसएसडी (माहिती साठवणारी ड्राइव्ह) बाजारात आली तेव्हा तिच्यात टीएलसी प्रकारची मेमरी चिप होती. पुढे त्याच नावाखाली क्यूएलसी प्रकारची चिप आली, जी मोठ्या फाइल लिहिताना बरीच मंदावते. वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० या एसएसडीमध्येही चिप बदलली आणि कॅशे (आधी भरली जाणारी वेगवान जागा) भरल्यानंतरचा लिहिण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६१० मेगाबाइटवरून ३९० वर आला. ही दोन्ही प्रकरणं २०२१ मध्ये उघडकीस आली, ती नंतरचा माल कोणीतरी पुन्हा मोजला म्हणून. बोभाटा झाल्यावर वेस्टर्न डिजिटलने यापुढे असा बदल केल्यास नवा मॉडेल नंबर देऊ असं सांगितलं. जुनी, कौतुकाची परीक्षणं मात्र इंटरनेटवर तशीच राहतात आणि लोक ती वाचून खरेदी करतात.

शिवाय फुकटचा नमुना कंपनीच्या मर्जीवर असतो. डिसेंबर २०२० मध्ये ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने ‘हार्डवेअर अनबॉक्स्ड’ या यूट्यूबवरच्या परीक्षण-चॅनलला कार्डं पाठवणं बंद करत असल्याचं कळवलं. तक्रार काय, तर ते रे ट्रेसिंगला (गेममधला प्रकाश खऱ्यासारखा दाखवण्याच्या तंत्राला) पुरेसं महत्त्व देत नाहीत. मोठी ओरड झाली आणि काही दिवसांत कंपनीने माघार घेतली. ज्यांच्या पाठीशी एवढा प्रेक्षकवर्ग नाही, त्यांनी कोणाच्या जोरावर परखड लिहायचं?

पद्धत लिहून ठेवण्याचं मोल २०१८ मध्ये दिसलं. इंटेलने पैसे देऊन करवून घेतलेल्या चाचणीत प्रतिस्पर्धी एएमडीचा आठ कोअरचा (म्हणजे आठ गणनाकेंद्रांचा) रायझन ७ २७००एक्स हा प्रोसेसर ‘गेम मोड’मध्ये चालवला होता, म्हणजे निम्मे कोअर बंद! चाचणी करणाऱ्या संस्थेने अहवालात सगळी सेटिंग्ज दिली होती, म्हणूनच इतरांना ही चूक पकडता आली आणि चाचणी पुन्हा घ्यावी लागली. ‘आमच्या टीमला आवडला’ एवढंच लिहिलं असतं तर कोणी काय पकडणार होतं?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. फुकट मिळालेली वस्तूसुद्धा स्पष्ट शब्दांत जाहीर करा, असं त्यांत आहे. वृत्तपत्राने त्याहून कडक असायला हवं.

तेव्हा विनंती अशी, की प्रत्येक परीक्षणाखाली चार ओळी छापाव्यात: यंत्र कंपनीने दिलं की विकत घेतलं, किती दिवस वापरलं, कोणत्या तापमानात किती वेळा चाचणी घेतली, ड्रायव्हर आणि बायोस (यंत्र चालवणारी आतली सॉफ्टवेअर) कोणतं होतं. जागा पुरत नसेल तर गुण देणारे ते पाच तारे काढून टाका. सहा महिन्यांनी तोच नग दुकानातून आणून पुन्हा मोजा, आणि निकाल बदलला तर त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापा. येत्या मे महिन्यात एसी बंद ठेवून चाचणी घेणार असाल, तर माझ्याकडे चांगला डिजिटल थर्मामीटर आहे. तो मी स्वतः कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
रामबाग, इंदूर