ह्मोंग आजीला कागद नको, माणूस पाठवा : मिनेसोटाच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
बालक, युवक व कुटुंब विभाग,
मिनेसोटा राज्य, सेंट पॉल

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. इथे ते मराठीत लिहिते आहे, कारण सेंट पॉलमध्ये ज्यांच्या भिंतीला भिंत लागून आम्ही राहतो, त्या लाओसहून निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग लोकांबद्दल आम्हा मराठी माणसांना फार थोडं माहीत असतं. माझ्या मुलीची पहिली तीन वर्षं एका ह्मोंग आजीच्या घरात गेली. तिच्यासारख्या बायकांसाठी आपण काय करू शकता, ते सांगायला हे पत्र.

माझी मुलगी २०१७ च्या जानेवारीत जन्मली. आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. बाहेर बर्फ, घरात आम्ही दोघं आणि चार दिवसांचं बाळ. शेक-शेगडी नाही, अळिवाची खीर नाही, बाळाला न्हाऊ घालणारं जाणतं माणूस नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या आजी दारात उभ्या. हातात झाकलेलं पातेलं, सोबत त्यांची मुलगी, बोलणं समजावून सांगायला. पातेल्यात उकडलेली कोंबडी आणि कसल्याशा हिरव्या पाल्याचा वाफाळता रस्सा, वेगळ्या डब्यात गरम भात. ह्मोंग बाळंतीण महिनाभर हेच खाते, गार पाण्याला शिवत नाही, वारा लागू देत नाही. त्यांची मुलगी हे समजावत होती आणि मला रडू फुटलं, कारण त्यात समजावण्यासारखं काहीच नव्हतं. आमचा सव्वा महिना याहून वेगळा कुठे असतो?

त्यांची नातवंडं त्यांना ‘निआ ताइ’ म्हणत. ह्मोंगमध्ये आईच्या आईला हेच म्हणतात. आमच्या कानाला त्यात ‘ताई’ ऐकू यायचं, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

कामावर रुजू झाल्यावर मी मुलीला आधी एका मोठ्या पाळणाघरात ठेवलं. खर्चाचं आपल्याला सांगायला नको. तान्ह्या बाळासाठी या राज्यात वर्षाला पंधरा हजार डॉलर पुरत नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळी तिच्या मनगट्या, काळ्या मण्यांच्या, माझ्या आजीनं पाठवलेल्या, कात्रीनं कापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. नियम बरोबर होता. मणी सुटला तर बाळाच्या घशात अडकू शकतो. पण कापण्याआधी मला एकदा विचारलं असतं, तर मीच काढून ठेवल्या असत्या. त्या रात्री निआ ताइंनी पिशवी पाहिली आणि काही न बोलता स्वतःच्या नातवाचं मनगट पुढे केलं. त्यावर पांढरा दोरा. ह्मोंग घरात बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी ‘हू प्ली’ करतात, म्हणजे बाळाच्या जिवाला हाक मारून घरात बोलावतात. नाव ठेवतात आणि जीव भटकू नये म्हणून मनगटाला दोरे बांधतात. ताइंनी माझी पिशवी घेतली, मणी परत ओवले आणि स्वतःच्या घरात पाळण्यासमोरच्या भिंतीवर, बाळाला दिसतील पण हाताला लागणार नाहीत अशा टांगल्या. पुढच्या सोमवारपासून मुलगी त्यांच्याकडे.

स्वतःची दोन नातवंडं आणि माझी एक. या राज्याच्या कायद्यात हे बसतं. नात्यातली मुलं आणि बाहेरच्या एकाच कुटुंबाची मुलं सांभाळायला परवाना लागत नाही. दिवसभर कुणीतरी एक त्यांच्या पाठीवर, ‘न्या’ नावाच्या भरतकाम केलेल्या झोळीत. भात शिजतोय, कोथिंबीर निवडली जातेय आणि पाठीवरच्याशी अखंड बोलणं चाललंय.

त्या बोलण्याबद्दल थोडं सांगू द्या, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. ह्मोंग ही सुरांची भाषा. ‘पॉ’ हा एकच उच्चार घ्या. एका सुरात तो चेंडू, दुसऱ्यात काटा, तिसऱ्यात फेकणं, आणखी एकात पाहणं, आणि एका घोगऱ्या, श्वास मिसळलेल्या सुरात बापाची आई. रोमन लिपीत लिहिताना शेवटी जे अक्षर येतं ते उच्चारायचं नसतंच, ते फक्त सूर सांगतं. मी तीन वर्षं ऐकलं, तरी आजही आजी म्हणायला जाते आणि काटा म्हणून बसते. माझी मुलगी दीड वर्षाची असताना चुकत नव्हती. तान्ह्या बाळाला जगातल्या सगळ्या भाषांचे ध्वनी वेगळे ओळखता येतात, आणि वर्षाचं होईतो कान फक्त रोजच्या ऐकण्यातल्या भाषेपुरता उरतो. म्हणजे ह्मोंगचे सूर द्यायचे, तर ते पाळण्यातच द्यावे लागतात. सेंट पॉलच्या सरकारी शाळांत ह्मोंग-इंग्रजी वर्ग चालतात, त्याबद्दल मनापासून आभार. पण तिथे मूल पोचतं तोवर कानाचं बरंचसं काम उरकलेलं असतं. ते काम झोळीत होतं आणि ते करणाऱ्या बाईला आपली व्यवस्था अजून नीट ओळखत नाही.

ताइंनी परवाना काढायचं ठरवलं होतं. गल्लीतल्या आणखी दोन घरांना मुलं ठेवायची होती. वर्ष २०१९, म्हणजे आपला विभाग १ जुलै २०२४ ला सुरू होण्याच्या खूप आधीचं. पहिल्याच कार्यालयात त्यांना ह्मोंगमध्ये छापलेली माहितीपुस्तिका दिली गेली. देणाऱ्याचा हेतू चांगला होता. ताइंनी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून आभार मानले आणि घरी आणून फ्रिजवर ठेवली. महिनाभर ती तिथेच होती. मग मला कळलं, त्यांना ती वाचता येत नाही. ह्मोंगही वाचता येत नाही.

ही एकट्या त्यांची उणीव नव्हे. आज वापरात असलेली रोमन लिपी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्ये तयार झाली. ताइ त्याच दशकात डोंगरातल्या गावात जन्मल्या, आणि तिथे शाळा नव्हती. पुढे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेनं ह्मोंग जनरल वांग पाओ यांच्या हाताखाली ह्मोंग पुरुष आणि कोवळी पोरं कम्युनिस्टांविरुद्ध लढायला उभी केली. १९७५ मध्ये अमेरिका निघून गेली आणि मागे राहिलेल्यांचा पाठलाग सुरू झाला. जंगलातून मेकाँग नदीपर्यंत, नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत. त्या वाटेवर बाळ रडलं तर सगळी टोळी सापडायची, म्हणून आयांनी बाळांना अफू चाटवली, आणि काही बाळं पुन्हा उठली नाहीत. ताइ याबद्दल बोलत नाहीत, मीही विचारत नाही. पण आपल्या प्रशिक्षणात जेव्हा सांगितलं जातं की बाळाशी बोला, बाळाला आवाज करू द्या, तेव्हा समोर बसलेल्या बायकांपैकी काहींनी बाळाला गप्प ठेवून जिवंत ठेवलेलं आहे, हे शिकवणाऱ्याला ठाऊक असावं.

आज मिनेसोटात नव्वद हजारांहून अधिक ह्मोंग लोक आहेत. २००२ मध्ये ‘मी मुआ’ (Mee Moua) नावाच्या ह्मोंग बाई राज्याच्या सिनेटवर निवडून गेल्या. २०२१ मध्ये सेंट पॉलच्या सुनीसा लीनं टोकियोत जिम्नॅस्टिक्सचं सुवर्णपदक जिंकलं आणि शहरानं मिरवणूक काढली. पन्नास वर्षांत एवढं घडवणाऱ्या समाजाला मुलं कशी वाढवायची ते आपण शिकवावं, असं मला म्हणायचं नाही. त्यांना जे येतं ते टिकवायला हातभार लावावा आणि जे नवं लागतं ते त्यांच्या कानापर्यंत पोचवावं, एवढंच.

नवं लागतंच. बाळाला उताणं, एकट्याला, उशी-पांघरूण नसलेल्या पाळण्यात झोपवण्याचा नियम मुलांचे जीव वाचवतो आणि त्यात सूट मागणारी मी नाही. पण जिथे पिढ्यान्‌पिढ्या आईच्या कुशीतच बाळ निजलं, तिथे या नियमाचं कारण ओळखीच्या भाषेत, समोर बसून, प्रश्न विचारू देऊन सांगायला हवं. ताइंना ते शेवटी एका ह्मोंग परिचारिकेनं अर्ध्या तासात पटवलं. बाहुली आणि पांघरूण घेऊन, जमिनीवर बसून. त्या दिवसापासून त्यांच्या घरात एकदाही उशी पाळण्यात गेली नाही. पुस्तिका मात्र फ्रिजवरच होती.

म्हणून माझी पहिली मागणी कागदाऐवजी माणसाची आहे. काही प्रशिक्षणं ह्मोंगमध्ये होतात, हे मी जाणते. ती वाढवा आणि बोलून शिकवण्याची ठेवा. ह्मोंग बाजारांत शनिवारी अख्खं कुटुंब येतं, जेवतं, भाजी घेतं. वर्ग तिथेच भरवा. पांढरे ह्मोंग आणि हिरवे ह्मोंग यांच्या बोलीत फरक आहे, तेव्हा शिकवणारे दोन्हीकडचे घ्या. परीक्षा तोंडी घ्या. ध्वनिफिती करून फोनवर पाठवा, कारण नातवंडांनी शिकवल्यापासून ताइ फोनवर सारं ऐकतात.

हा विचार माझ्या मुलखात जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. मिनेसोटानंही १९७४ मध्ये आईबाप आणि मुलं एकत्र शिकतील असे वर्ग सुरू केले, आणि ते आजही इथल्या शाळांमधून चालतात. तेव्हा मी काही परकं मागत नाही.

दुसरं, तपासणीचं. शाळेआधी प्रत्येक मुलाच्या वाढीची तपासणी होते, ती चांगलीच आहे. मी आता बालवर्गात मदतनीस आहे, तेव्हा हे जवळून पाहते. तीन वर्षांच्या ह्मोंग मुलाला इंग्रजीत थोडे शब्द येत असतील आणि ह्मोंगमध्ये आणखी कितीतरी, तर त्याला दोन्ही मिळून तेवढे येतात. नुसते इंग्रजीतले मोजले की ते मूल मागे पडलेलं ठरतं. याच्या उलटही होतं, आणि ते मला जास्त छळतं. एका मुलाला खरोखर कमी ऐकू येत होतं. सगळे म्हणत राहिले, दोन भाषांमुळे उशिरा बोलेल. घरात दोन भाषा असल्यानं मूल मुकं राहत नाही. ह्मोंग बोलणारं माणूस तपासणीला बसलं असतं, तर त्या मुलाचं वर्ष गेलं नसतं. आजीला फक्त एवढं विचारायला हवं होतं की पाठमोरा असताना हाक मारली तर तो वळतो का? तिला उत्तर माहीत होतं.

तिसरं, अंगावरच्या खुणा. आमच्या आणि ह्मोंग बाळांच्या कमरेवर जन्मतः निळसर डाग असतात, जखमेसारखे दिसतात. ताप आला की काही ह्मोंग आज्या नाण्यानं किंवा चमच्यानं अंग घासतात, त्याचे लाल वळ दोन-तीन दिवस राहतात. पाळणाघरातल्या शिक्षकांवर मुलाला मारहाण झाल्याचा संशय कळवण्याची कायद्यानं सक्ती आहे आणि ती असायलाच हवी. पण डाग कुठला आणि मार कुठला, हे त्यांना शिकवलेलं हवं. नाहीतर घाबरलेली आजी पुढच्या वेळी आजारी नातू घरात लपवून ठेवते. मनगटाचे दोरेसुद्धा विचारल्याशिवाय कुणी कापू नयेत. ओले, मळके झाले तर आईला सांगा, ती स्वतः काढेल.

आणि पैसा. गेल्या वीस वर्षांत या राज्यातली घरगुती पाळणाघरं जवळपास निम्म्यावर आली आहेत. उरलेली टिकावीत म्हणून विधानसभेत भाषणं होतात. दुसरीकडे निआ ताइंसारख्या परवान्याशिवाय कायदेशीरपणे मुलं सांभाळणाऱ्या बायकांना सरकारी मदतीचा दर परवानाधारकांपेक्षा कमी मिळतो, तोही नोंदणीचं जंजाळ पार केलं तर. हा फरक मिटवा. पाळणाघरांना चारपर्यंत तारे देणाऱ्या आपल्या मानांकनात, बाळाशी त्याच्या घरची भाषा बोलणं हा मोठ्या गुणांचा मुद्दा करा. भिंतीवर ह्मोंग भरतकामाचं चित्र लावण्याला ते गुण देऊ नका. बोलणाऱ्या तोंडाला द्या.

ताइंनी तो अर्ज पुढे नेला नाही. त्यांची मुलगी म्हणाली, आईला आता पुन्हा कुणासमोर अडाणी ठरायचं नाही. गल्लीतली ती दोन्ही मुलं शहराच्या दुसऱ्या टोकाला ठेवली गेली. त्यातला एक आता सात वर्षांचा आहे. त्याची स्वतःची पणजी त्याला जेवायला बोलावते आणि तो आईकडे पाहतो, ती काय म्हणाली म्हणून.

आपल्या कार्यालयाकडून उत्तर येईल, अशी मला आशा आहे. एक विनंती. ते ह्मोंगमध्ये, कुणाच्या तरी आवाजात बोलून पाठवा. मी ते ताइंच्या स्वयंपाकघरात लावेन. छापून पाठवलंत, तर ते मलाही वाचून दाखवता येणार नाही.

आपली नम्र,
एक आई आणि बालवर्गातली मदतनीस,
सेंट पॉल