क्लब राहू द्या, आधी गाण्याचा तास द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आम्ही टेक्ससला, डॅलसजवळ राहतो आणि पेपर ऑनलाइन वाचतो. २०२० चं नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून, आपल्या शाळांमध्येपण अमेरिकेसारखे क्लब पाहिजेत, मुलांमध्ये लीडरशिप आली पाहिजे वगैरे बरंच वाचायला मिळतं. माझी मुलगी इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये नुकतीच अकरावी झाली, त्यामुळे या सगळ्याचं एक अख्खं वर्ष जवळून बघितलंय, म्हणून लिहितेय.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली की क्लबवाले टेबलं मांडून बसतात आणि नवीन मुलांना ओढायचं काम चालू होतं. समाजसेवेचा की क्लब, धंदा-व्यवसायवाल्यांचा डेका, रोबोटिक्स, सायन्स ऑलिम्पियाड, संयुक्त राष्ट्रांची नकली सभा भरवणारं मॉडेल यूएन, आणि त्याच्या वर मानाच्या सोसायट्या, म्हणजे १९२१ पासून चालत आलेली नॅशनल ऑनर सोसायटी, गणितवाल्यांची म्यू अल्फा थीटा, संगीतवाल्यांची ट्राय-एम. ऐकायला भारी वाटतं. ऑनर सोसायटीत निवड चार गोष्टींवर होते, अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली ग्रेडची सरासरी, कमीत कमी ३.० लागतो, शाळा तो वाढवू शकते आणि आमच्याकडे वाढवलाय. पाच शिक्षकांची समिती नावं ठरवते, मग एका संध्याकाळी स्टेजवर मेणबत्त्या, शपथ, आईबापांचे फोटो. आणि पुढे वर्षभर काय, तर सेवेचे तास मोजायचे. फूड बँकेत डबे लावणं हे खरं काम आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही, पण वर्ष संपत आलं की तास कमी पडलेली मुलं फॉर्मवर सह्या घ्यायला अशी धावत असतात की सेवा कोणाची केली ते त्यांनाही आठवत नसावं.

याचं मूळ कॉलेजच्या अर्जात आहे. बऱ्याच कॉलेजांना मिळून एकच ऑनलाइन अर्ज असतो, तो म्हणजे कॉमन अ‍ॅप. कॉमन अ‍ॅपवर अ‍ॅक्टिव्हिटी लिहायला १० रकाने असतात आणि एका रकान्यात वर्णनाला १५० अक्षरं. ते १० भरायचेच असं कुठेही लिहिलेलं नाही, पण रिकामा रकाना बघून आपल्या लोकांचा जीव खालीवर होतो, कुठल्या क्लबचं प्रेसिडेंटपद यंदा रिकामं होतंय याची चौकशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालते आणि नाहीच मिळालं तर मुलाला स्वतःचा नवीन क्लब काढायला लावतात, म्हणजे फाउंडर लिहिता येतं. असे क्लब फाउंडर बारावी पास झाला की बंद पडतात.

आता कॉयर, म्हणजे समूहगान. ही गोष्ट वेगळी आहे आणि माझं पत्र खरं तिच्याबद्दलच आहे. कॉयर हा क्लब नाहीच, तो वेळापत्रकातला विषय आहे, त्याला मार्क आहेत, शिकवायला संगीतात डिग्री घेतलेले पूर्णवेळ शिक्षक आहेत, आणि टेक्ससमध्ये हायस्कूल पास व्हायला कलेचं एक क्रेडिट लागतंच लागतं. माझ्या मुलीचा आवाज खालचा म्हणून तिला आल्टोत, म्हणजे मुलींच्या खालच्या सुरांच्या गटात घातली. ती लहानपणापासून आपलं गाणं शिकलेली, त्यामुळे यांचा डो, म्हणजे यांचा सा, कुठेही सरकतो याचं तिला काहीच वाटलं नाही, आपला सा सरकतोच की. पण शेजारी वरच्या आवाजाच्या सोप्रानो एक सूर गातायत आणि आपण त्याच वेळी दुसरा धरून ठेवायचा हे काही केल्या जमेना, दर वेळी वरच्या चालीवर घसरायची. मॅडमचं म्हणणं एकच, शेजारणीला ऐक पण तिच्या मागे जाऊ नकोस. दिवाळीपर्यंत रोज रात्री भांडी घासताना तोच एक खालचा सूर, नवरा म्हणाला आता मलाही पाठ झाला!

वसंतात यूआयएलची, म्हणजे टेक्ससमध्ये शाळांच्या स्पर्धा घेणाऱ्या संस्थेची स्पर्धा असते, त्यात साइट रीडिंग नावाचा प्रकार असतो, कधी न पाहिलेलं नोटेशन हातात देतात, काही मिनिटं वाचायला मिळतात आणि मग सगळ्यांनी मिळून परीक्षकांसमोर ते गायचं. तिथे घोकंपट्टी चालत नाही आणि एकट्या हुशार मुलीचंही काही चालत नाही. शिवाय १९८४ पासून टेक्ससमध्ये ‘नो पास, नो प्ले’ कायदा आहे, विषयात ७० च्या खाली गेलात की स्पर्धेला बंदी, सरावाला मात्र बसू देतात. मार्चमध्ये एका चांगल्या गाणाऱ्या मुलाचं केमिस्ट्रीमुळे हेच झालं. तर टेनरची, म्हणजे मुलांच्या वरच्या सुरांच्या गटातली पोरं जेवणाच्या सुट्टीत त्याला केमिस्ट्री शिकवत बसली, त्याचे कुणाला सेवेचे तास मिळाले नाहीत.

इथे सगळं छान आहे असं नाही. कॉन्सर्टचा ड्रेस, बस, ट्रिप, सगळ्याला पैसे लागतात आणि त्यासाठी आईबापांनी बिस्किटांचं कच्चं पीठ विकायचं, हा वैताग वेगळाच. राज्यभरातून मुलं निवडून केलेल्या ऑल-स्टेट बँड, ऑर्केस्ट्रा आणि कॉयरसाठी मिळून ७०,००० हून जास्त मुलं ऑडिशनला सुरुवात करतात आणि फेब्रुवारीत सॅन अँटोनिओला १,९०० च्या आसपास पोचतात, त्यात महागडी खाजगी शिकवणी लावणारे बरेच असतात.

आपल्याकडे दहावीला चित्रकला, शास्त्रीय संगीत, लोककला यांचे वाढीव गुण मिळतात, पण ते शाळेबाहेर परीक्षा दिल्यावर किंवा कार्यक्रम केल्यावर. शाळेतला गाण्याचा तास मात्र नववीपासून गणिताच्या सरांकडे जातो, कार्यानुभवाचंही तेच. त्या जागी उद्या ‘लीडरशिप क्लब’ आला तर बॅज वाटले जातील आणि तास गणितालाच जाईल. शाळांना इथलं काही उचलायचंच असेल तर वेळापत्रकातला रोजचा एक तास आणि पगारी संगीत शिक्षक एवढंच उचला. पेटी आणि तबला बऱ्याच शाळांच्या कपाटात असतात, ते काढायला निधीसुद्धा लागत नाही.

दहावीपर्यंत गाण्याचा तास खरोखर होतो अशा शाळा महाराष्ट्रात असतीलच, तिथले शिक्षक तो कसा वाचवतात हे त्यांनी तुमच्याकडे लिहून पाठवलं तर जरूर छापा.

आपली,
एक वाचक, डॅलस परिसर, टेक्सस