सर्वेक्षणाच्या बातमीखाली चार ओळी हव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात पहिल्या पानावर एका सर्वेक्षणाची बातमी होती. शीर्षकात टक्केवारी ठळक छापली होती. बातमी मी दोनदा वाचली. किती जणांना विचारलं, ती माणसं कुठून निवडली, प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत होता, विचारपूस कधी झाली, यांतलं काहीच त्यात सापडलं नाही. दोन वर्षांपूर्वी मला हे जाणवलंही नसतं. आता जाणवतं. हा बदल कसा झाला ते सांगून मग आपल्याला एक विनंती करायची आहे.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, मराठी माध्यमात शिकलेली, बी.कॉम. झालेली. वय ४३. आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते आणि एका वृद्धनिवासात नर्सिंग असिस्टंट म्हणून काम करते. आजी-आजोबांना अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची, ताप आणि रक्तदाब मोजून नोंदवायचा, असं हे काम आहे. मला नर्सिंगची पदवी घ्यायची आहे. इथल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत त्या पदवीच्या प्रवेशासाठी शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या जोडीला संख्याशास्त्राचा एक प्राथमिक कोर्सही लागतो. तो मी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात ऑनलाइन केला.

आपल्याकडच्या पुरवण्यांत अमेरिकेतल्या शिक्षणाविषयी लिहून येतं ते बहुधा चार-दोन मोठ्या विद्यापीठांबद्दलच. कम्युनिटी कॉलेजचं नाव क्वचित येतं. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. प्रवेशपरीक्षा नाही, वयाची वरची अट नाही. राज्यात वर्षाहून जास्त काळ वास्तव्य असलेल्यांना एका युनिटला (कोर्स किती मोठा ते मोजण्याचं एकक) ४६ डॉलर फी पडते. माझा कोर्स चार युनिटांचा होता, म्हणजे १८४ डॉलर, वर किरकोळ शुल्क. उत्पन्न कमी असेल तर तीही माफ होते. पूर्वी बहुतेकांना आधी चाचणी द्यावी लागे, आणि त्यात गुण कमी पडले की बीजगणिताचे एक-दोन कोर्स पार केल्याशिवाय संख्याशास्त्राला हात लावता येत नसे. त्या पायऱ्यांवरच कितीतरी जण थांबत. २०१७च्या कायद्यानंतर हे बदललं. आता विद्यार्थी थेट संख्याशास्त्राला बसू शकतो आणि गरज असेल तर त्याच सत्रात त्याला मदतीचे जादा तास जोडून मिळतात. हा कायदा नसता तर वीस वर्षं वही न उघडलेली माझ्यासारखी बाई या कोर्सपर्यंत पोहोचली असती असं मला वाटत नाही.

ऑनलाइन म्हणजे सोपं, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. इथल्या नियमानुसार एका युनिटमागे वर्ग आणि अभ्यास मिळून निदान ४८ तासांचं काम धरलेलं असतं. चार युनिटांचे झाले १९२ तास. सोळा आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला १२ येतात. तोच कोर्स उन्हाळ्यात सहा आठवड्यांत उरकायचा म्हटलं तर आठवड्याला ३२. मी आधी उन्हाळ्याच्या वर्गात नाव घातलं होतं. हा गुणाकार कागदावर मांडला आणि दुसऱ्याच दिवशी नाव काढून घेतलं. नोकरी करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: सबंध सत्राचाच वर्ग घ्या.

तिथेही जागा सहज मिळाली नाही. मी प्रतीक्षायादीत सातवी होते. विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचे पैसे लाटण्यासाठी खोट्या नावांनी ऑनलाइन वर्गांत शिरणाऱ्या टोळ्यांचा त्रास गेली काही वर्षं इथल्या कॉलेजांना होतो आहे. खऱ्या विद्यार्थ्याची जागा अशी अडून राहते. म्हणून पहिल्याच आठवड्यात स्वतःविषयी दोन परिच्छेद आणि एक छोटं गणित जमा करावं लागलं. ज्यांनी केलं नाही त्यांची नावं कमी झाली आणि माझा नंबर लागला.

मग पहाटे साडेचारची वेळ ठरून गेली. सातच्या पाळीआधी दोन तास. एक व्हिडिओ, पाठ्यपुस्तकाची आठ-दहा पानं (पुस्तक मोफत होतं, ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं), मग गणितं. आठवड्याचं काम रविवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत जमा करायचं. ग्राफिंग कॅल्क्युलेटर विकत घ्यायचा तर शंभराच्या वर डॉलर जातात, तो मला कॉलेजच्या लायब्ररीतून सत्रभरासाठी मिळाला. ही सोय पुष्कळांना माहीत नसते.

दहावीला मी मध्य, मध्यक, बहुलक शिकले होते. गृहीतमध्य पद्धतीनं मध्य काढणं माझ्या हातात बसलेलं होतं, आयतालेख तर मी सुबक काढायची. त्यामुळे पहिले तीन आठवडे पूर्ण गुण मिळाले आणि मला वाटलं, जमलं. खरी परीक्षा पुढे होती. या विषयात आकडेमोड मशीन करतं. विद्यार्थ्यानं लिहायचं असतं ते वाक्य, आणि माझी वाक्यंच चुकत होती.

आमच्या शिक्षिकेला मी मनात बाईच म्हणायची. समोरासमोर त्यांना मी एकदाही पाहिलेलं नाही. पण त्यांनी माझ्या उत्तरांच्या कडेला जेवढं लिहिलं, तेवढं प्रत्यक्ष वर्गातल्या कुठल्याही शिक्षकानं माझ्या वहीत कधी लिहिलं नव्हतं. दर आठवड्याला एका गणिताचं उत्तर स्वतःच्या तोंडानं समजावून सांगणारा तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवावा लागे. हल्ली कुठल्याही गणिताचं उत्तर संगणकाकडून क्षणात लिहून मिळतं, पण तीन मिनिटं बोलायचं तर ते समजलेलंच असावं लागतं. मी भांडारखोलीत उभी राहून, मोबाइल चादरींच्या चवडीला टेकवून हे व्हिडिओ केले आहेत.

सत्राच्या शेवटी प्रत्येकानं स्वतः माहिती गोळा करून एक प्रकल्प करायचा होता. रक्तदाब मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्यावं, असा नियम आम्हाला शिकवलेला असतो. घाईत तो पाळला जातोच असं नाही. मी ठरवलं, यानं किती फरक पडतो ते पाहू. कामावरच्या आजी-आजोबांच्या नोंदी वापरणं योग्य नव्हतं, म्हणून नवऱ्यालाच बसवलं. ते सकाळी फिरून, जिना चढून आले की लगेच एकदा मोजायचं आणि पाच मिनिटं खुर्चीत बसवून पुन्हा मोजायचं. अशा तीस सकाळी झाल्या. वरच्या आकड्यात सरासरी ६.२चा फरक निघाला, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा असा अंदाज करतात तो पट्टा, आला ३.६ ते ८.८. मी आनंदानं लिहून टाकलं, ‘पाच मिनिटं बसवल्यानं लोकांचा रक्तदाब कमी होतो हे सिद्ध झालं.’

बाईंनी त्या एका वाक्याखाली तीन शेरे लिहिले. पहिला असा: ‘लोकांचा म्हणजे कोणाचा? तुम्ही एका माणसाच्या तीस सकाळी मोजल्या आहेत.’ दुसरा: ‘दर वेळी बसल्यानंतरचं मोजमाप दुसऱ्यांदा घेतलेलंच होतं. पट्टा दुसऱ्यांदा आवळला जाताना माणूस सरावलेला असतो, त्यानंही आकडा उतरतो. बसल्यामुळे उतरला की दुसऱ्यांदा मोजल्यामुळे, हे तुम्ही कसं वेगळं कराल?’ आणि तिसरा शेरा ‘सिद्ध’ या शब्दाभोवती नुसतं वर्तुळ.

त्या रात्री मला झोप आली नाही. राग नव्हता. इतकी वर्षं मी रोज आकडे लिहीत आले आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, याचं वाईट वाटत होतं. प्रकल्प सुधारून द्यायला मुदत होती. मी पुन्हा तीस सकाळी घेतल्या, पण या वेळी रोज नाणं उडवलं. छाप पडला तर लगेच मोजायचं, काटा पडला तर पाच मिनिटं बसवून. दिवसाला एकदाच. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा दिवस होईपर्यंत हे चाललं. फरक ४चा आला, आणि इंटर्व्हल उणे १.२ ते अधिक ९.२. त्यात शून्यही आलं. म्हणजे या माहितीवरून फरक आहे असं ठामपणे म्हणता येत नव्हतं. ‘फरक नाही’ असंही म्हणता येत नव्हतं, कारण ९चा फरकही त्याच पट्ट्यात बसत होता. ‘पुरावा पुरेसा नाही’ आणि ‘खोटं ठरलं’ या दोन वाक्यांतलं अंतर मला त्या दिवशी कळलं. पाच मिनिटं बसवण्याचा नियम माझ्या पंधरा-पंधरा दिवसांवर उभा नाही, त्यामागे कितीतरी मोठे अभ्यास आहेत. तो मी आता काटेकोर पाळते. पण मी स्वतः काय दाखवलं आणि काय नाही, हे मला सांगता येतं.

नमुना, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं ज्या थोड्यांना विचारतात किंवा मोजतात ते, कसा निवडला, यावर बाईंनी दोन आठवडे घेतले. मी चर्चेत आपली म्हण सांगितली: शितावरून भाताची परीक्षा. बाईंना ती फार आवडली. त्यांनी लगेच विचारलं, शीत पातेल्याच्या कुठल्या भागातलं? तळाचा भात करपलेला आणि वरचा कच्चा असेल, तर वरचीच शंभर शितं चेपून काय कळणार? याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९३६चं आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. साप्ताहिकानं रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात ४८पैकी ४६ राज्यं रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, तेही मंदीच्या काळात, म्हणजे खिसा बरा असलेल्यांनाच जास्त विचारलं गेलं. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे सारखे नसतात. त्याहून फार लहान नमुना घेऊन जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी रूझवेल्ट जिंकतील असं बरोबर सांगितलं होतं.

हे वाचताना मी आपल्याकडचं काही आहे का ते शोधू लागले आणि माझ्याच जिल्ह्यातलं नाव समोर आलं. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. फर्ग्युसन कॉलेज, मग लंडन. पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक, आणि १९७१ साली पद्मभूषण. पिकाचा उतारा ठरवण्यासाठी शेतातला छोटा तुकडा कापून वजन करतात. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं. कडेवरची रोपं आत धरली जाण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, आणि तुकडा जितका लहान तितका या कडेचा वाटा मोठा. केवढी साधी गोष्ट, आणि तिच्यावर देशाच्या धान्याचा हिशेब अवलंबून. बुध आमच्या गावापासून लांब नाही. शाळेत असताना हे नाव मला कुणी सांगितलं असतं तर मी गणिताकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं.

आता माझी विनंती. वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येकानं संख्याशास्त्राचा कोर्स करावा असं मी म्हणत नाही. पण सर्वेक्षणाची बातमी छापताना तिच्याखाली चार ओळी द्याव्यात: किती जणांना विचारलं, ते कसे निवडले, प्रश्न जसाच्या तसा, आणि तारखा. चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी हजार माणसं असतील तर आकडा साधारण ३ टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. चारशे असतील तर ५ टक्क्यांनी, शंभरच असतील तर जवळजवळ १० टक्क्यांनी. हे माहीत असलेला वाचक ४८ आणि ५१मध्ये विजेता शोधत बसणार नाही. आणि ज्यांनी आपण होऊन मोबाइलवर बटण दाबलं अशांचीच मतं असतील, तर हा ३ किंवा ५चा हिशेब लागूच पडत नाही, मग ती मतं लाखभर असोत. ती गोष्ट पहिल्या वाक्यात यायला हवी.

जागेची अडचण मी समजू शकते. या चार ओळींना वधूवर सूचक स्तंभातल्या एका छोट्या जाहिरातीएवढी जागा लागेल. सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेनं तपशील पुरवलेलाच नसेल, तर ‘नमुन्याचा तपशील संस्थेनं दिलेला नाही’ एवढं एक वाक्य छापावं.

आपली,
एक वाचक
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया