गोळीशिवाय काय? मीनाक्षीस पत्र

प्रिय मीनाक्षी,

सप्रेम नमस्कार.

चिन्मयच्या एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा यासाठी, मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू झाल्यापासून त्याची भूक मेली, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हे वाचून जीव कळवळला. दुसरा मार्ग आहे का, विचारतेस. आहेत गं, पण सगळ्यांची ताकद सारखी नाही.

आधी डॉक्टरांना हे सगळं सांग. डोस किंवा वेळ बदलून बरेचदा फरक पडतो. नाहीच पडला, तर स्टिम्युलंट (मिथाइलफेनिडेटसारखी मेंदूला उत्तेजना देणारी) नसलेली औषधंही आहेत. ॲटोमोक्सेटिनला अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. मात्र भूक त्यानेही कमी होऊ शकते, आणि सुरुवातीला मुलाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावं लागतं. ग्वानफासिन आणि क्लोनिडिन ही मुळात रक्तदाबाची औषधं. त्यांनी गुंगी येते, म्हणून झोप न लागणाऱ्या मुलांसाठी डॉक्टर कधीकधी त्यांचा विचार करतात. पण ती एकाएकी कधीही बंद करायची नाहीत, रक्तदाब उसळतो.

मला मात्र तुझ्याशी बोलायचंय ते पालक-प्रशिक्षणाबद्दल, म्हणजे अशा मुलाशी घरी कसं वागायचं ते आईबापांनी शिकण्याबद्दल. नाव ऐकून रागावू नकोस, आईबाप चुकले असा त्याचा अर्थ नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली औषधाच्याही आधी हेच सुचवलं. चिन्मय आठ वर्षांचा असला तरी त्याला याचा उपयोग आहेच. लांबून हाका मारण्यापेक्षा जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून एकच काम सांगायचं. ते केलं की लगेच, नेमकं कौतुक: "दप्तर जागेवर ठेवलंस, छान." बक्षीस त्याच दिवशी, कारण या मुलांना रविवार फार लांब वाटतो. शाळेतल्या बाईंनी दोन-तीनच गोष्टींची रोजची नोंद घरी पाठवायची. पहिले काही दिवस तो जास्तच हट्ट करेल. तेव्हा सोडू नकोस.

१९९९ साली ५७९ मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूळ लक्षणांवर काटेकोरपणे दिलेलं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा (पालक-प्रशिक्षण त्यातलंच) सरस ठरलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण दोन्ही मिळालेल्या मुलांना सरासरीने कमी डोस पुरला. तुझ्यासाठी मला हीच वाट सर्वांत आशेची वाटते.

माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ चा फायदा असला तर अगदी थोडा. साखर बंद करून चंचलपणा जात नाही. न्यूरोफीडबॅकवर, म्हणजे मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून लक्ष टिकवायला शिकवण्यावर, मोठा खर्च करण्याआधी थांब, तटस्थ निरीक्षकांनी पाहिलं की त्याचा परिणाम फारसा उरत नाही. रोजचं पळणं-खेळणं मात्र चालू ठेव. आणि तो घोरतो का, ते बघ. झोपेत श्वास अडकत असेल, तर दिवसा लक्ष लागणारच नाही. लोहाची तपासणीही विचारून घे.

गोळी मनाने बंद करू नकोस. भूक, झोप आणि वजन एका वहीत लिहून ती डॉक्टरांसमोर ठेव. ते काय म्हणाले, ते मला लगेच कळव.

तुझीच,
वासंती