भावकी, सोयरीक आणि सावड

महोदय,

नात्यांचा विषय निघाला की आपण भावकी, सोयरीक आणि मैत्री यांपुढे जात नाही. लातूर-धाराशिव भागात तितकंच घट्ट असायचं ते सावडीचं, म्हणजे बैल आणि श्रम एकमेकांना देऊन शेती करण्याचं नातं. याचा एक बैल, त्याचा एक. आज तुझी पेरणी, उद्या माझी. जात वेगळी असली तरी चाड्यावर मूठ धरायला, म्हणजे पेरताना बी सोडायला, सावडकऱ्याच्या घरची बाई यायची. (बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊसुद्धा सावडकऱ्याशी मात्र नीट वागत!)

ट्रॅक्टर आला, सोयाबीनची काढणी एकरी गुत्त्यावर (ठेक्यावर) गेली. सोय झाली, हे नाकारत नाही. सावडीत गरिबाची ओढाताणही व्हायचीच. पण आता पैसे चुकते केले की बोलणंही संपतं.

वेळ अमावास्येला, आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, शेत नसलेल्यालाही कडब्याच्या कोपीपाशी बसवून भज्जी, उंडे वाढतात, आंबिलीचा तांब्या रिकामा होऊ देत नाहीत. एका दिवसाच्या त्या पंगतीवर समाधान मानायला मी तयार नाही. शेतकरी गट करताना सातबारा पाहतात. अडीनडीला कोण कोणाच्या रानात धावून जातं, हेही अधिकाऱ्यांनी गावात विचारावं.

– एक शेतकरी वाचक, औसा (जि. लातूर)